वाड्यातील रविवर्मा प्रेसच्या तसबिरी ऑनलाइन विकण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. कराडजवळच्या आमच्या वाड्याची वाटणी झाली आणि माजघरातील जुन्या तसबिरी माझ्या वाट्याला आल्या. त्यांपैकी लक्ष्मी, सरस्वती आणि झोपाळ्यावरची मोहिनी या तीन रविवर्मा प्रेसच्या, म्हणजे चित्रकार राजा रविवर्मा यांनी काढलेल्या छापखान्याच्या आहेत. लक्ष्मीच्या लुगड्यावर आजीच्या सासूबाईंनी जर आणि टिकल्या लावल्याचे घरात सांगतात. सध्याच्या लहान घरात या तसबिरी नीट राहणार नाहीत, म्हणून त्या जाणकार संग्राहकाकडे जाव्यात अशी इच्छा आहे. समाजमाध्यमांवरील संग्राहकांच्या गटांत छायाचित्रे टाकावीत, लिलावगृहाकडे जावे, की एखाद्या व्यापाऱ्यास एकरकमी द्याव्यात? परदेशातूनही विचारणा होऊ शकते, असे एका परिचितांनी सांगितले आहे.

जुनाबाजार_पुणे

सर्वप्रथम एक विनंती: तसबिरी चौकटीतून काढू नका आणि काच पुसण्यापलीकडे काहीही करू नका. मी या चित्रांचा संग्रह करतो. ऑनलाइन येणाऱ्या दहा नोंदींपैकी बहुतेकांत फक्त देवीचा चेहरा झळकत असतो आणि ज्यावरून चित्राची पारख होते तो भाग दिसतच नाही. तो भाग म्हणजे खालचा समास. तेथे चित्राचे नाव, प्रेसचे नाव आणि पुष्कळदा ठिकाण किंवा वितरक छापलेला असतो. प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे ठिकाणाच्या उल्लेखावरून छपाईच्या काळाचा अंदाज बांधता येतो. ‘अनंत शिवाजी देसाई, मोती बाजार, मुंबई’ अशी ओळ असेल तर तीही टिपून ठेवा. दुर्दैवाने तसबीर लहान चौकटीत बसावी म्हणून अनेक घरांत हाच समास कापला गेला आहे. तुमच्याकडे तो शाबूत असेल तर त्याचे स्वतंत्र छायाचित्र द्या, आणि मागच्या बाजूचेही द्या, कारण चौकट करणाऱ्या दुकानाचे जुने लेबल हादेखील एक पुरावा असतो.

आणखी एक गोष्ट. प्रेस फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेल्यानंतर तेथे इतर चित्रकारांची चित्रेही छापली गेली. तेव्हा प्रेसचे नाव दिसले म्हणून ‘राजा रविवर्मा यांचे चित्र’ असे लिहू नका, ‘रविवर्मा प्रेसचे शिळाछाप चित्र’, म्हणजे दगडी शिळेवरून छापलेले चित्र, असे लिहा. २०२३ साली रविवर्म्यांचे यशोदा-कृष्णाचे मूळ तैलचित्र मुंबईच्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेले, आणि तेव्हापासून छापील तसबिरींच्या मालकांच्याही अपेक्षा भलत्याच वाढल्या आहेत. मूळ तैलचित्र आणि त्याची छापील प्रत यांच्या किमतींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

मोहोर

मी मुंबईत जुन्या वस्तूंचा परवानाधारक व्यापार करतो, म्हणून कायद्याविषयी लिहितो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय १९७९ साली राजा रविवर्मा यांच्या कलाकृती बहुमूल्य म्हणून घोषित झाल्या, त्यामुळे त्यांच्या निर्यातीवरही बंदी आहे. तुमच्या तसबिरींपैकी एखादी शंभर वर्षांच्या आतली असल्याचे तुमचे म्हणणे असले, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे तसे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज ती बाहेर पाठवू नये. ‘भेटवस्तू म्हणून कुरिअरने पाठवा’ असे सुचवणारा ग्राहक भेटला, तर तेथेच व्यवहार थांबवावा.

घरातील तसबिरी विकण्यासाठी तुम्हाला परवाना लागत नाही, तो व्यवसाय म्हणून खरेदी-विक्री करणाऱ्यांना लागतो. लिलावगृहात राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही अशी रक्कम, ठरवता येते आणि वर्णन जाणकार माणूस लिहितो, पण त्यांचे कमिशन असते आणि वाट पाहावी लागते. व्यापारी लगेच पैसे देतो, मात्र त्यात त्याचा नफा गृहीत असतो. माझ्या मते साज चढवलेली लक्ष्मी वेगळी ठेवावी आणि उरलेल्या दोन एकत्र द्याव्यात. हाताने लावलेला जरीचा साज त्या घराचा असतो, तशी दुसरी प्रत सापडत नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि येथे पूर्वीपासून असलेल्या प्रतीच विकत घेतो. एका संकेतस्थळावर ‘जुनी, अस्सल’ म्हणून घेतलेली सरस्वती दहापट भिंगाखाली पाहिली, तेव्हा एकसारख्या ओळींत मांडलेले ठिपके दिसले. ही आजच्या यंत्रावरची छपाई. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे आणि शिळेवरचे ठिपके कारागीर हाताने देत असे, त्यामुळे ते लहानमोठे, एकमेकांवर चढलेले दिसतात. कृष्णाकाठ, तुम्ही चेहऱ्याचा आणि हाताचा असा एकेक जवळून घेतलेला फोटो दिलात, तर खरा संग्राहक दुसरे काही विचारण्याआधी तो पाहील.

जुनाबाजार_पुणे

येथे मला एक काळजी वाटते. इतके स्पष्ट फोटो गटावर खुले टाकले की महिनाभरात त्यांच्याच नकला कॅनव्हासवर छापून विकायला येतात. रविवर्म्यांचे निधन १९०६ साली झाले, त्यामुळे स्वामित्वहक्काचा आधारही उरलेला नाही. पूर्ण चित्र कमी स्पष्टतेचे टाकावे आणि बारकाव्यांचे फोटो विचारणा करणाऱ्यालाच पाठवावेत.

एडिसनकर

मला हे पटत नाही. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. त्यामुळे आज कोणती प्रत कोणत्या काळातली, हे आपण एकमेकांचे समास, रंग आणि ठिपके ताडून पाहतो म्हणूनच कळते. फोटो दडवले तर नकला करणारा दुसरीकडून ते मिळवेलच, आणि नवख्या ग्राहकाकडे तुलनेसाठी काही राहणार नाही.

कागदराखण

मी कागद-संवर्धनाचे काम करते, त्यामुळे या वादात न पडता पाठवणीबद्दल सांगते. या चित्रांवर वार्निशचा थर असतो आणि शंभर वर्षांत तो कडक होतो. गुंडाळी केली की त्याला तडे जातात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. चित्र दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाटच जायला हवे, आणि जर-टिकल्या असलेले तर चौकटीसकट, स्वतः नेऊन द्यावे. कसरीने खाल्लेला भाग, तांबूस डाग आणि ओल लागल्याच्या खुणा वर्णनात लिहा आणि दाखवा. चित्र मागच्या फळीला डकवलेले असेल तर ते सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. समास तिन्ही तसबिरींना आहे. मोहिनीच्या खाली ‘कारला-लोणावळा’ वाचता येते, लक्ष्मीच्या खालची ओळ मात्र ओलीने पुसट झाली आहे. समासाचे आणि मागच्या बाजूचे फोटो रविवारी येथे टाकतो. बारकाव्यांचे फोटो तूर्त विचारणा करणाऱ्यांनाच पाठवेन, आणि लक्ष्मी कुरिअरने जाणार नाही.