मदत हवी आहे : साखर आणि मीठ न घालता कोकम सरबत

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि रक्तदाबामुळे मीठही बेतानेच घ्यावे लागते, पण माहेर रत्नागिरीचे असल्याने उन्हाळा आला की त्यांना कोकम सरबताशिवाय चैन पडत नाही. रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालींत दुप्पट साखर भरून उन्हात मुरवलेले अमृत कोकम त्यांना वर्ज्य आहे आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) तर मिठावरच टिकते, त्यामुळे दोन्ही वाटा बंद आहेत. आमसुले भिजवून, कुस्करून, जिरेपूड घालून पाहिली. रंग सुरेख आला, पण मीठ त्यातही होतेच. बिनमिठाची आमसुले कोणी घरी वाळवते का, आणि त्यांना बुरशी येऊ नये म्हणून काय करता? ताजा रस बर्फाच्या साच्यांत गोठवल्यास चव किती दिवस टिकते, हेही कृपया अनुभवाने सांगावे.