चमच्यांचं ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ पाहिलं, आणि लेकीने मूठच उघडली नाही

सानुलीची आई:
रविवारी लेकीला (वय साडेपाच) ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ हे नाटक बघायला नेलं होतं. आईबाप जंगलात सोडून येतात आणि चेटकिणीच्या खाऊच्या घरापाशी पोचतात, त्या भावाबहिणीची ती गोष्ट. मनात चित्र होतं ते केकचं छप्पर, साखरेच्या खिडक्या आणि लांब नाकाची चेटकीण असं. आत गेलो तर एक जुनं लाकडी टेबल आणि दोन कलाकार, बस्स. पडदासुद्धा नाही.

हान्सेल म्हणजे मोठा चमचा, ग्रेटेल म्हणजे छोटा. बाप म्हणजे मान वाकलेला डाव, आई म्हणजे सुरी. मिटलेल्या छत्र्या उभ्या केल्या की झालं जंगल. घरची वाट सापडावी म्हणून हान्सेल टाकत जातो ते पांढरे खडे म्हणजे शर्टाची बटणं. टेबलावरचा दिवा विझवून एकाने स्टीलच्या ताटावर टॉर्च मारला, चंद्र उगवला, आणि ती बटणं अशी काही चमकली की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी पाणी ओलांडायचं बदक म्हणजे चहाची गाळणी. तिच्यात दोन चमचे एकदम मावत नव्हते, म्हणून ग्रेटेल म्हणते, एकेक करून जाऊ. गोष्टीतही अगदी असंच आहे.

आता माझा प्रश्न. दुसऱ्या वेळी हान्सेल खड्यांऐवजी पावाचे तुकडे टाकतो आणि ते पक्षी खातात, तेव्हा त्यांनी पुढच्या दोन रांगांतल्या मुलांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. मग दुसरा कलाकार हातमोज्याचा पक्षी करून आला आणि एकेकाच्या तळहातावरून तुकडा टिपत गेला. मुलं खिदळत होती. सानुलीपाशी आल्यावर तिने मूठ घट्ट आवळली. पक्ष्याने चोचीने हळूच टकटक केलं, तरी नाही. ती म्हणाली, “मग ते घरी कसे जाणार?” सगळं थिएटर गप्प. त्या कलाकाराने पक्षी बाजूला केला, आपल्या हाताने तिची मूठ अलगद मिटल्यासारखी केली आणि पुढे गेला.

पुढे चेटकीण दिसलीच नाही. नुसतं किसणीवर नख फिरवल्याचा आवाज आणि “कोण कुरतडतंय माझं घर?” मुलांनी म्हणायचं, “वारा, वारा!” लेक माझ्या कुशीत तोंड खुपसून बसली, चेटकिणीला भट्टीत ढकलण्याचा प्रसंग झाला तरी वर बघेना. आता घरी रोज चमचे काढून खेळते, आणि दर वेळी डाव जंगलातच ठेवून येते. बाबांना घरी आणायचं नाही म्हणते. पाटीवर सहा वर्षांपुढे असं लिहिलं होतं. मी घाई केली का? पुढच्या शनिवारी पुन्हा प्रयोग आहे आणि ती चल म्हणतेय.

विंगेतून:
बारा वर्षं मुलांसाठी नाटकं करतोय, म्हणून लिहितो. त्या कलाकाराने जे केलं ते मला मनापासून आवडलं. मुलाच्या हातात वस्तू दिली की ते मूल नाटकात आलं, मग त्याचं उत्तर आपल्याला हवं तेच असायला हवं असा हट्ट धरता येत नाही. तालमीत आम्ही हेच घोकतो, पण प्रयोगात पुढचा संवाद डोक्यात असतो आणि हात पुढे जातो. त्याचा थांबला.

न दिसणारी चेटकीण मुखवट्यापेक्षा जास्त घाबरवते, हेही खरं. मुखवटा सगळ्यांना एकच दिसतो, आवाजातून जो तो आपापली चेटकीण घडवतो. न्यायचं ठरलं तर कडेची जागा घ्या, म्हणजे उठता येईल. आणि प्रयोगानंतर कलाकारांना विचारून ती किसणी तिच्या हातात द्या. तिने स्वतः नख फिरवून आवाज काढला पाहिजे. प्रयोग संपल्यावर असं कुणी आलं की आम्हाला आनंदच होतो.

जुनी पानं:
सुरी ही सख्खी आई होती की सावत्र? विचारायचं कारण, ही गोष्ट छापणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत (संग्रहातली ही पंधरावी गोष्ट) मुलांना सोडून यायचं सांगणारी त्यांची आईच आहे. ती सावत्र झाली 1840 च्या आवृत्तीत. जर्मन संगीतकार हुम्परडिंकच्या याच गोष्टीवरच्या संगीतिकेत, जी 1893 मध्ये जर्मनीतल्या वायमारला पहिल्यांदा झाली, आई रागाच्या भरात मुलांना स्ट्रॉबेरी आणायला पाठवते आणि मग आईबाप दोघं शोधायला निघतात. म्हणजे ही जखम मोठ्यांनाही सलत होती, प्रत्येकाने आपापली पट्टी बांधली.

मूळ कथेत मुलं परत येतात तेव्हा आई मेलेली असते आणि बाप त्यांना बघून आनंदतो. त्याला कुणी जाब विचारत नाही. तुमच्या मुलीने विचारलाय. डाव जंगलात राहू द्या.

दोन पोरांचा बाबा:
माझं मत वेगळं आहे. माझा धाकटा असाच एका नाटकानंतर दोन आठवडे दिवा लावून झोपला. तोंड खुपसून बसली म्हणजे तिला नको होतं. सहा महिने थांबलात तर काही बिघडत नाही, गोष्ट कुठे पळून जात नाही.

सानुलीची आई:
सगळ्यांचे आभार. जुनी पानं, सख्खी आईच होती, आणि मला तेच सगळ्यात जड गेलं.

दोन पोरांच्या बाबांचं म्हणणं वाचून काल तिला सरळ विचारलं, भीती वाटली होती ना? म्हणाली, “हो, पण मी ऐकत होते.” मग फ्रॉकच्या खिशातून तो पावाचा तुकडा काढून दाखवला, खड्यासारखा कडक झालेला. चार दिवस मला पत्ता नाही.

शनिवारी जातोय, कडेची जागा मिळाली. आज सकाळपासून ती माझ्या जुन्या शर्टाचं एक बटण मागतेय. कशाला विचारलं तर म्हणाली, “बटण पक्षी खात नाहीत. मी त्यांना देणार आहे.”