शब्दचर्चा : ‘आंतरविद्याशाखीय’ की ‘बहुविद्याशाखीय’?

विचारणा (पीएच.डी.ची विद्यार्थिनी, नागपूर)
स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पेशीजीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि वैद्यकीय भौतिकी हे तिन्ही विषय शिकवण्याची योजना आमच्या विभागात आखली जात आहे. मसुद्यात मी ‘अंतरविद्याशाखीय प्रशिक्षण’ असे लिहिले होते; मार्गदर्शकांनी ते खोडून ‘बहुविद्याशाखीय’ केले. हा फरक अर्थाचा आहे की केवळ पसंतीचा?

प्रतिसाद (मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ)
आधी शुद्धलेखन पाहू. मराठीत ‘अंतर’ म्हणजे दुरावा किंवा दोन ठिकाणांमधले माप. ‘अंतरविद्याशाखीय’ हे रूप आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे आले असावे, आणि नागपुरी कानाला ते खटकतही नाही. ‘आंतरजातीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ यांप्रमाणे येथेही ‘आंतर’च हवे. संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे ‘आतला’, हे खरे. परंतु मराठीत ‘परस्परांमधील’ हा अर्थ पक्का रुळला आहे आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील चार विद्याशाखांपैकी एक ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ हीच आहे.

अर्थाचा फरक मात्र खरा आहे. बांधाला बांध लावून एका शेतात पऱ्हाटी (कपाशी) आणि दुसऱ्यात सोयाबीन असेल, तर ते ‘बहु’. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर पेरली, म्हणजे जमीन एक, ओल एक, आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तर ते ‘आंतर’. त्याला आपण आंतरपीक म्हणतोच.

प्रतिसाद (विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, अध्यापक)
तुरीचा दाखला पटला. आमच्या क्षेत्रातही तसे उदाहरण आहे. ‘हर-२’ या पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाच्या वाढीव प्रती असलेल्या स्तनाच्या कर्करोगात रोग अधिक आक्रमक असतो, हे डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. गाठीच्या तुकड्यात ‘हर-२’ वाढलेले आहे का, ही तपासणी झाल्याखेरीज हे औषध कोणाला द्यायचे ते ठरत नाही. म्हणजे औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र येथे एकाच वाफ्यात आहेत.

खरी अडचण प्रशिक्षणात येते, आणि तीही शब्दाचीच. ‘संवेदनशीलता’ म्हटले की संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला मॅमोग्राफीने (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीने) रोग असलेल्यांपैकी किती जणींना अचूक ओळखले ते आठवते. पेशीजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशी औषधाला किती दाद देतात ते. आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला यंत्र किती सूक्ष्म फरक टिपते ते. तिघेही बैठकीत माना डोलावतात आणि तीन वेगळ्या गोष्टी समजून घरी जातात. ‘मॉडेल’चेही तेच : एकाचा उंदीर, दुसऱ्याचे समीकरण.

विचारणा करणारी
सर्वांचे आभार. मसुदा पुन्हा वाचला. त्यात तिन्ही विषयांचे वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे आणि परीक्षाही वेगळ्या आहेत. तेव्हा मार्गदर्शकांची दुरुस्ती वस्तुस्थितीला धरूनच होती. आता शब्द बदलण्याऐवजी दुसऱ्या सत्रात दोन विभागांच्या सहमार्गदर्शनाखाली एकच प्रकल्प ठेवावा, अशी विनंती करणार आहे. ती मान्य झाली, तर ‘आंतर’ लिहीन.