छोट्या गावाची कंट्रोल रूम गावातच राहावी का?

भोंगा:
गावातला आपत्कालीन कक्ष (अँब्युलन्स-बंबासाठीचे फोन घेऊन गाडी पाठवणारा) बंद करा, कॉल विभागाच्या मोठ्या कक्षात वळवा, असं सुचवणारे सगळीकडे भेटतात. माझा ठाम विरोध. घाबरलेला माणूस पत्ता सांगत नाही, "जुन्या गिरणीच्या मागं" म्हणतो. विरळ वस्तीत टॉवर लांब लांब असतात, त्यामुळे नुसत्या टॉवरवरून मोबाईल शोधायचा तर वर्तुळ कित्येक किलोमीटरचं. जीपीएसचं ठिकाण आलं तर प्रश्न मिटतो, पण घराच्या आत ते चुकतं किंवा उशिरा येतं. तिथे गिरणी माहीत असलेला माणूसच कामाला येतो.

पाचाचा_पाढा:
गिरणी माहीत असलेला माणूस रात्री तीनला खुर्चीत हवा ना! वर्षाचे तास 8,760. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक माणूस साधारण 1,750 तास देतो. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसं, दोन खुर्च्यांना दहा. छोट्या गावाला दहा पगार झेपत नाहीत, मग रात्री एकच जण बसतो. हृदय बंद पडल्याचा कॉल आला की अँब्युलन्स पोहोचेपर्यंत त्याला फोनवर छातीदाबाचा ठेका धरून द्यायचा असतो, मिनिटाला 100 ते 120. तेवढ्यात दुसरी लाईन वाजली तर ती कुणी उचलायची? आणि वायरलेसवर गाडीला उत्तर कोण देणार?

भोंगा:
एका खुर्चीचा कक्ष धोक्याचा, हे मान्य. पण त्यावर "मोठा कक्ष" हाच एक उपाय नाही. शेजारच्या दोन-तीन गावांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं. एकीकडे फोन ठरावीक सेकंदांत उचलला नाही की दुसरीकडे वाजावा. कक्ष आपापल्या जागी, स्क्रीन सगळ्यांची सारखी. इंग्लंडने अग्निशमनाचे 46 कक्ष मोडून 9 प्रादेशिक कक्ष करायचं ठरवलं होतं. 2010 मध्ये प्रकल्प गुंडाळला, किमान 46.9 कोटी पौंड पाण्यात.

ओहम:
तो प्रकल्प मुख्यतः संगणक प्रणाली वेळेत उभी न राहिल्याने आणि ढिसाळ कारभाराने बुडाला. एकत्र कक्ष चालत नाहीत, हे त्यातून सिद्ध होत नाही.

खरी मेख दुवा तुटण्यात आहे. कक्ष लांब गेला की गावातला रिपीटर (वायरलेसचा सिग्नल पुढे पोहोचवणारं यंत्र) आणि कक्ष यांच्यामध्ये फायबर येते. खोदकामात ती तुटली की कॉल दुसऱ्या वाटेने पोहोचेलही, पण गाडीशी बोलायचं कसं? "आमच्याकडे दोन लाईन आहेत" असं ऐकलं की दोन्ही एकाच चरातून जातात का ते आधी विचारा, बहुतेकदा जातात. दुसरी वाट मायक्रोवेव्हची, म्हणजे केबलशिवाय रेडिओलहरींची, हवी. दुवा गेला तरी रिपीटर आपल्या आपण चालू राहायला हवा, आणि गाड्यांच्या ठाण्यात एक जुना बेस सेट (जागेवर बसवलेला वायरलेस संच), बॅटरीसकट. चाचणी कागदावर नको, केबल खरंच उपसून पाहा.

पाचाचा_पाढा:
हेच गावातल्या कक्षालाही लागू आहे. यूपीएस फक्त जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ काढतो. आणि जनरेटर महिन्यातून एकदा बिनलोड फिरवून "चालतो" असा शेरा मारला जातो. लोड दिल्यावर बंद पडतो तेव्हा कळतं.

गल्लीबोळ:
सगळ्यात वाईट तडजोड राहिलीच: मोठ्या कक्षाने फोन उचलायचा आणि गावाकडे जोडून द्यायचा. फोन करणारा सगळं दोनदा सांगतो, मध्येच कॉल तुटतो, आणि "त्यांनी गाडी पाठवली असेल" असं दोघांनाही वाटत राहतं.

भोंगा यांची गिरणी माणसाच्या डोक्यात कशाला ठेवायची? तो माणूस निवृत्त होणारच. बोलीतली नावं, पाडलेल्या इमारती, एकाच नावाचे दोन रस्ते, बंब न मावणारे पूल, सगळं नकाशात पर्यायी नावांसकट भरा. कक्ष हलवायच्या आधी भरा, नंतर कुणी भरत नाही.

भोंगा:
भराच. पण नवा रस्ता झाला की नोंद करायची जबाबदारी कुणाची, हे करारात नाव घालून लिहिलेलं मला अजून कुणी दाखवलेलं नाही.