दिवाळीच्या सुट्टीतली इमॅजिका थीम पार्कची सहल: साताऱ्यातल्या गोडोलीच्या एका सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

माने वहिनी (बी-२०३): नमस्कार. इमॅजिकाची सहल नुसती बोलण्यातच राहते, यंदा करून टाकू. भाऊबीज झाल्यावर, शाळा सुरू व्हायच्या आधीचा सोमवार-मंगळवार. एक दिवस पार्क, एक दिवस शहर. गोडोलीतून सकाळी लवकर निघायचं. येणाऱ्यांनी घरटी किती माणसं ते आकड्यात लिहा.

शिंदेकाका (ए-१०१): आमची चार. आई येईल का ते तिला विचारून सांगतो.

अमोल (सी-३०२): आमची तीन. पण वहिनी, शनिवार-रविवार ठेवा ना. मला दोन रजा टाकाव्या लागतील.

माने वहिनी: अमोल, पार्कचं तिकीट तारखेप्रमाणे बदलतं. साइटवर रविवार आणि सोमवार दोन्ही उघडून बघ, मग रजेचं बोल. शिवाय रविवारी निम्मा दिवस रांगेतच जातो. पैसे जास्त देऊन राइड कमी, असला सौदा नको. आणि रविवारी मध्य रेल्वेला मेगाब्लॉक असतो, म्हणजे लोकलने फिरायचं विसरा.

जोशीकाकू (बी-१०४): लोकल कशाला? शहर म्हणजे पुणं धरा की. वाटेवरच आहे. स्वारगेटला उतरलं की खालीच मेट्रो, पोरांना भुयारातून फिरवू. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, शनिवारवाडा, झालं.

अमोल: काकू, पुण्याला आपण दाढ दुखली तरी जातो.

माने वहिनी: पुणं एसटीने सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं आहे. त्यासाठी मुक्कामाचे पैसे कशाला घालवायचे? पोरांनी मुंबई फक्त टीव्हीवर बघितली आहे. पार्क खोपोलीजवळ आहे आणि खोपोलीहून लोकल थेट मुंबईपर्यंत जाते.

शिंदेकाका: मग सगळंच एसटीने करू. महिलांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, ६५ ते ७५ ला अर्धं, ७५ च्या पुढं फुकट. आपल्यात पूर्ण तिकिटाचे बाप्ये किती निघतील, बोटांवर मोजा.

माने वहिनी: हिशोबाला एकदम बरोबर. पण सातारा-स्वारगेट, तिथून खोपोलीची गाडी, मग पार्क आहे त्या सांगडेवाडीपर्यंत पाच रिक्षा. एवढी पोरं आणि बोचकी घेऊन पार्कच्या दारात बारा वाजतील, घड्याळातही आणि आपलेही. पार्क उघडताना आत गेलं तरच तिकीट वसूल होतं.

सावंत (सी-१०२): ओळखीच्या गाडीवाल्याला विचारलं. १७ सीटर, २४ रुपये किलोमीटर. दिवसाला किमान ३०० किलोमीटरचं बिल लावतो, गाडी धावो न धावो. म्हणजे दोन दिवसांचं ६००, ते झाले १४,४००. ड्रायव्हर भत्ता हजार. टोल आणि पार्किंगला सोळाशे धरा, आनेवाडी आणि खेड-शिवापूर दोन्हीकडे जाता-येता लागतो, वर एक्सप्रेसवेचा वेगळा. एकूण १७,०००. सोळा माणसं झाली तर डोक्याला हजार-अकराशे.

अमोल: पण आपलं अंतर जाऊन-येऊन ४०० च्या आसपासच आहे. वरच्या २०० चे पैसे उगाच? त्यापेक्षा त्याला म्हणावं पार्कवर सोड आणि रिकामा परत जा. ४०० चे ९,६०० द्यायचे. येताना मुंबईहून एसटीने येऊ.

सावंत: वाचले किती, ४,८०० आणि वर एक दिवसाचा भत्ता. त्यातून सोळा जणांची मुंबई-सातारा एसटी काढा, सवलती धरूनसुद्धा. मग रात्री स्टँडवरून गोडोलीला रिक्षा. मला तर बरोबरी दिसते, आणि झोपलेली पोरं खांद्यावर.

माने वहिनी: गाडी दोन्ही दिवस ठेवायची. ते २०० किलोमीटर वाया जात नाहीत, उलट तिथंच पैसे वाचतात. ज्येष्ठ मंडळींना पार्कचं पूर्ण तिकीट काढून आत बाकड्यावर बसवायला कुणी सांगितलंय? आम्हाला दारात सोडलं की गाडी त्यांना घेऊन महडला जाईल. वरदविनायक तिथून अगदी जवळ. मग पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती होतात, सावकाश जेवण होतं, आणि गाडीला वरचा रुपया द्यावा लागत नाही. चार तिकिटं वाचली तर सगळ्यांचा मुक्काम स्वस्त पडेल.

जोशीकाकू: हे मला पटलं. मी महड-पालीच्या गाडीत. खोपोलीत गगनगिरी महाराजांचा आश्रमही आहे, महाराज मूळचे आपल्या पाटण तालुक्यातले. तिथंही जाऊ.

शिंदेकाका: आई येतेय. पाच लिहा.

जाधव आजोबा (ए-००२): मी पण महडला. मला झोपाळ्यावर गरगरतं, तुमच्या त्या राइडी तुम्हालाच लखलाभ. मुंबईला मात्र नक्की येणार. कुठं कुठं जायचं ठरलंय

माने वहिनी: आजोबा, सकाळच्या लोकलने भायखळा. राणीची बाग, पेंग्विन. मग सीएसएमटी आणि गेटवे. बाग बुधवारी बंद असते म्हणूनच मंगळवार धरलाय. आई-बाप आणि दोन पोरं मिळून १०० रुपये तिकीट. पार्कात एवढ्यात एका माणसाचं जेवण होत नाही.

जाधव आजोबा: सकाळी भायखळ्याला उतरू नका. खोपोलीला बसायला मिळेल हो, पण बदलापूर, डोंबिवली, ठाणे असं करत डबा इतका भरतो की दारापर्यंत पोचता येत नाही. पोरं धरून तर अजिबात नाही. शेवटपर्यंत बसून राहायचं. व्हीटीला गाडीच रिकामी होते. आधी गेटवे करा. अकरानंतर गर्दी ओसरली की स्लो गाडीने भायखळ्याला या, तिसरं स्टेशन आहे. आणि तीनच्या सुमारास परतीची धरा. पाचनंतर कर्जत गाडीत शिरायचं नाव काढू नका.

अमोल: आजोबा, तुम्हीच लीडर.

जाधव आजोबा: बाग बघून झाली की मला तासभर लालबागला सोडा. १९८२ च्या संपापर्यंत तिथल्या गिरणीत होतो. आता तिथं काय उभं आहे ते बघायचंय. कुणी बरोबर नाही आलं तरी चालेल, वाट पाठ आहे.

सावंत: मी येतो आजोबा तुमच्याबरोबर. माझे वडील पण तिकडंच होते.

माने वहिनी: ठरलं, आजोबा म्हणतील तसं. लोकलचं तिकीट माणशी पन्नास रुपयांच्या आत बसतं, पोरांचं अर्धं. खोपोलीहून थेट मुंबईच्या गाड्या मोजक्याच आहेत, ती चुकली तर कर्जतला बदलायचं. आपली गाडी आणि ड्रायव्हर खोपोलीतच थांबतील, मुंबईत १७ सीटर लावायला जागा शोधत कोण फिरणार.

शिंदे काकू (ए-१०१): मुक्काम लोणावळ्यात करूया ना, जरा हवा छान असते.

माने वहिनी: त्या हवेचे पैसे खोलीच्या भाड्यात लावतात, काकू. शिवाय सकाळी घाट उतरून परत खोपोलीला यायचं. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज बघू. रात्री दमून नुसतं आडवं व्हायचंय.

कदम ताई (सी-२०१): वॉटर पार्क पण करायचं का? मुलगी मागे लागलीय.

माने वहिनी: त्याचं तिकीट वेगळं, आणि एका दिवसात दोन्ही म्हणजे एकही धड नाही. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे भाड्याने घ्या, तो खर्च वेगळा. तिला सांगा, उन्हाळ्यात बघू.

कदम ताई: आणि डबा?

माने वहिनी: बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून पोहोचण्याआधी गाडीतच पोटभर खायचं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करते. जोशीकाकू, तुमच्या धपाट्यांची सगळे वाट बघतायत, नुसतं सांगून ठेवते. दुपारी आत एकदाच जेवायचं. पोरांच्या हातात सुटे पैसे देऊ नका, दर वळणावर पॉपकॉर्न आहे.

ओंकार (माने, आईच्या फोनवरून): नायट्रो राइडला पायाखाली फळीच नसते!! पाय लोंबकळत पाच वेळा उलटं फिरवते!! आणि दुसऱ्या राइडला ज्याचं नाव आहे तो राजासॉरस हा खरा डायनासोर होता, त्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली होती

शिंदेकाका: ओंकार, तुझी उंची बसते का नायट्रोला?

माने वहिनी: फोन घेतला काढून. पण मुद्दा बरोबर आहे. लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या राइडच्या तोंडाशीच पट्टी लावलेली असते. तिथं जाऊन रडारड नको. राइडी पावसात बंद ठेवतात, पण नोव्हेंबरात ती काळजी कमी.

आता पैशाचं. माणशी २,००० आगाऊ, महड-पालीवाल्यांनी ८००. शुक्रवारपर्यंत सावंतांकडे द्या. तिकिटं एकदा काढली की नाव मागं घेता येणार नाही, ज्यांची धाकधूक आहे त्यांनी आजच सांगा. रजा मिळाली का अमोल?

अमोल: साहेबांना काकांचं लग्न सांगितलंय.

माने वहिनी: मग ग्रुपवर फोटो टाकू नकोस. उद्या साडेसहाला पार्किंगमध्ये टेप घेऊन येते, सगळ्या पोरांना चपला काढून खाली पाठवा. टाचा वर केल्या तर माप परत घेतलं जाईल.