'रोड टॅक्स भरतोस का?' : ठाणे-बेलापूर रोडवर सायकलवाल्यांवर गाडीवाल्यांचा एवढा राग का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

परवा सकाळी रबाळ्याच्या पुढे झालेला प्रकार आधी सांगतो, मग मुद्द्याचं. मी ऐरोलीत राहतो, महापेला एमआयडीसीत कामाला आहे, सहा-सात किलोमीटर अंतर. ट्रेनने गेलं तर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास जातो म्हणून दीड वर्ष झालं सायकलने जातोय. साधी बिनगिअरची सायकल, मागे कॅरियर, कॅरियरला डबा.

तर परवा मी एकदम डाव्या लेनमध्ये होतो, कडेपासून हातभर आत, कारण अगदी कडेला खडी असते, माती असते आणि गटाराच्या जाळ्या असतात ज्यात पुढचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. मागून हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. उजवीकडच्या लेन रिकाम्या होत्या हे मी मान वळवून बघितलं. मग त्या गाडीने मला इतकं चिकटून ओव्हरटेक केलं की आरसा कोपराला घासून गेला, मी कसाबसा पाय टेकवला. साहेब पुढे जाऊन थांबले, काच खाली केली आणि म्हणाले, "रोड टॅक्स भरतोस का रे? कडेने चालव ना." मागच्या सीटवर शाळेच्या गणवेशातलं पोरगं होतं, आठ-नऊ वर्षांचं, ते माझ्याकडे बघत होतं.

घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. शहरातली एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरतात. आरशांसकट गाडी दोन मीटर. सायकलचं हँडल साठ सेंटीमीटर. मधे निदान एक मीटर जागा सोडायची म्हटलं तर झाले ३.६ मीटर, आणि हे मी अगदी कठड्याला घासून चालवली तर. म्हणजे मी कितीही कडेला सरकलो तरी मला धक्का न लावता पुढे जायचं तर गाडीवाल्याला शेजारच्या लेनमध्ये थोडं तरी जावंच लागणार. रिक्षाला ओव्हरटेक करताना जातातच की, बंद पडलेल्या डंपरला वळसा घालताना तर गुपचूप जातात, त्याला कोणी टॅक्स विचारत नाही. मग सायकल दिसली की हाच माणूस का पेटतो? मला खरंच समजून घ्यायचंय, गाडी चालवणाऱ्यांनी पण लिहा.

डिझेलवाला

मी लिहितो, रोज वाशी ते ठाणे गाडी असते माझी. तुमच्या बाबतीत त्याने केलं ते चूकच, त्याला माफी नाही. पण राग कुठून येतो ते विचारलंत म्हणून सांगतो. रविवारी पहाटे नवी मुंबईतल्या पामबीच रोडवर बघा, दहा-बारा जण दोन-दोनच्या जोड्या करून गप्पा मारत चाललेले असतात, हॉर्न दिला की हात वर करून आपल्यालाच शिव्या. सिग्नल लाल असला तरी सायकल थांबत नाही, नुसतं इकडेतिकडे बघतात आणि निघतात. रात्री लाइट नाही, साधा लाल रिफ्लेक्टर नाही. आणि उलट्या बाजूने येणारे तर सगळ्यात भयंकर, तळवलीजवळ एकदा फ्लायओव्हरवरून खाली उतरतोय आणि समोरून सायकल, देवाची कृपा म्हणून ब्रेक लागला, त्या दिवशी ऑफिसात बसून पण हात थरथरत होते माझे. त्याला काही झालं असतं तर केस कोणावर? माझ्यावर. मोठी गाडी ती दोषी हे ठरलेलंच असतं. मी लायसन्स काढलंय, इन्शुरन्स भरतो, पीयूसी काढतो, नंबर प्लेट आहे, चूक केली की घरी चलान येतं. सायकलवाला माझा आरसा तोडून गेला तर मी कोणाला शोधू? मी पामबीचवर ८० ने जाताना समोर अचानक १५ च्या स्पीडचा माणूस आला तर दचकायला होतं हो, त्या दचकण्यातून राग येतो.

पहाट_पामबीच

दादा, पामबीचची वेगमर्यादा ६० आहे. तुम्ही ८० ने जाता म्हणून सायकल "अचानक" येते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं, म्हणजे ६० वरून ८० ला गेलात तरी ते अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतं. अवजड गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी आहे, सायकलला नाही.

मी त्याच पहाटेच्या ग्रुपमधली आहे, तेव्हा जोडीने चालवण्याचं सांगते. दहा सायकली एकामागे एक लावल्या तर ती रांग पंचवीस-तीस मीटर लांब होते. जोडीने चाललो तर निम्मी. लेन तर तुम्हाला दोन्ही वेळेला बदलायचीच आहे, ऐरोलीकरांनी वर हिशोब दिलाय, मग लांब रांग ओलांडायला सोपी का आखूड? गप्पा मारत तीन-तीन जण पसरतात ते मला पण पटत नाही, आम्ही आमच्यात बोलतो त्यावर. आणि बाई एकटी पहाटे सायकलवर असली की गाड्या शेजारी येऊन हळू होतात, काच खाली करून काय काय बोलतात ते इथे लिहिणार नाही. म्हणून आम्ही घोळक्याने जातो.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे याच पामबीचवर नेरूळजवळ अवतार सैनी गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसरच्या डिझाइनचं काम ज्यांनी पुढे राहून केलं ते. ६८ वर्षांचे होते, सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते, मागून भरधाव आलेल्या कॅबने उडवलं. आजही त्या पट्ट्यात आले की माझी मान आपोआप मागे वळते, आणि मागे बघितलं की सायकल थोडी उजवीकडे ओढली जाते, म्हणजे भीतीनेच धोका वाढतो. तुमचा हॉर्न आमच्या पाठीशी पाच मीटरवर वाजतो तेव्हा पण असंच होतं. द्यायचाच तर लांबून एकदा द्या, आम्ही सावरून घेतो.

बिल्लेवाले काका

मी सत्तरीतला माणूस. गावाकडे वडिलांच्या सायकलला पितळेचा बिल्ला असायचा, दरवर्षी कर भरून नवीन घ्यायचा. रात्री दिवा नसला की पोलीस थांबवायचा, डबलसीट दिसला की चाकातली हवा सोडायचा, आम्ही मैलभर सायकल ढकलत घरी आलेलो आहोत. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं की सायकल गरिबाची आहे तिला नियम नको. त्या डायनॅमोची घरघर अजून कानात आहे. आता तीस हजाराच्या सायकलला पण दिवा नसतो, दुकानदार म्हणतो वेगळा घ्या. माझं म्हणणं बिल्ला परत आणा, तो नंबर हँडलला लावा, डिझेलवाल्यांची तक्रार तिथेच संपते. हक्क पाहिजे तर ओळख पण पाहिजे.

कॉंक्रीट

काका, दिव्याबद्दल शंभर टक्के. बिल्ल्याचं पटत नाही. गाड्यांना नंबर आहेतच की, म्हणून ऐरोलीकरांच्या कोपराला आरसा लागायचा थांबला का?

रोड टॅक्सवर बोलतो, मी रस्त्यांच्याच कामात आहे. गाडी घेताना आपण जो वाहन कर भरतो तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. पामबीच आणि ठाणे-बेलापूर रोड महापालिका सांभाळते, आणि महापालिकेच्या तिजोरीत आपण सगळे मालमत्ता कर भरतो, ऐरोलीतल्या वन बीएचकेवाला सायकलस्वार पण भरतो, भाड्याने राहत असला तर भाड्यातून भरतो. दुसरं, रस्ता खराब कशाने होतो? एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळा पट होतं, हे आमच्या क्षेत्रातलं जुनं गणित आहे. सायकलने डांबराचं काहीच बिघडत नाही. तेव्हा टॅक्सचा प्रश्न विचारायचाच असेल तर ओव्हरलोड डंपरला विचारा.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची वाहनचालकाने विशेष काळजी घ्यायची असं लिहिलंय. लायसन्स काढलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं.

स्टिअरिंग

मी बस चालवतो, सिटी बस, सतरा वर्षं झाली. गाडीवाले आणि सायकलवाले दोघांनी ऐका.

बारा मीटरची गाडी आहे. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, पुढच्या दरवाजापासून मागच्या चाकापर्यंत बराच भाग असा आहे की आरशात कितीही बघितलं तरी तिथला माणूस मला दिसत नाही. सायकलवाला नेमका तिथेच असतो. त्याची चूक नाही, त्याला सांगतात कडेने चाल आणि माझा स्टॉप पण कडेलाच. मी स्टॉपला थांबलो की तो पुढे, मी निघालो की मी पुढे, असं एका फेरीत त्याच माणसाबरोबर पाच-सहा वेळा होतं. तोवर ठीक आहे. मला डावीकडे वळायचं असतं तेव्हा खरी भीती. पुढची चाकं वळतात पण मागची त्यांच्या मागून जात नाहीत, ती आत कापत येतात, कोपऱ्याच्या अगदी जवळून. सिग्नलला मी इंडिकेटर देऊन उभा असतो आणि सायकलवाला मधल्या फटीतून पुढे येतो, हिरवा झाला की तो सरळ जातो आणि मी डावीकडे. त्या क्षणी तो मागच्या चाकासमोर असतो आणि मला माहीतच नसतं. आमच्यातल्या एकाच्या हातून असं झालंय, त्याने नंतर गाडी हातात धरली नाही, आता शेतावर असतो.

म्हणून सायकलवाल्यांना हात जोडून, सिग्नलला मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे घुसू नका, मागे थांबा. आणि गाडीवाल्यांना, तुम्ही हॉर्न मारून मारून ज्याला कडेला ढकलता त्याला तुम्ही माझ्या मागच्या चाकाकडे ढकलता.

दिघा_ते_तुर्भे

इथे सगळी चर्चा पामबीचच्या हेल्मेटवाल्या सायकलींवर चाललीये म्हणून लिहितो. माझे वडील वीस वर्षं दिघ्यावरून सायकलने कंपनीत गेले. आज पण शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपन्यांच्या गेटवर उभे राहा, यादवनगर, चिंचपाडा, इलठणपाड्याकडे जाणारे किती दिसतात बघा. पाववाला, पेपरवाला, नाइटचा वॉचमन. त्यांना कोणी सायकलिस्ट म्हणत नाही. पामबीचवर कोणी गेलं की निदान पेपरात येतं.

डिझेलवाले दादा, उलट्या बाजूने येतात हे खरं आहे आणि ते चूक आहे, पण कारण बघा. दुभाजक सलग आहे, यू-टर्न लांब. गाडीला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटं. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला तो पेडल मारत जाऊन परत यायचा असतो, वर फ्लायओव्हरचा चढ. रस्ता आखणाऱ्याने पायाने चालणाऱ्या वाहनाचा विचारच केलेला नाही. वडील पण उलटेच यायचे, आई दारात उभी असायची. दिवा नव्हता, मी पहिल्या पगारात घेऊन दिला.

डिझेलवाला

दिघावाले, हे कारण माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. यू-टर्नचं खरं आहे, मीच गाडीत असून वैतागतो. ८० चं पण पहाटताईंनी बरोबर पकडलं. पण मी माझं सगळं म्हणणं मागे घेत नाही. समोरून उलटा आला तर मी हॉर्न देणार, अप्पर-डिपर मारणार, कारण तिथे त्याचा जीव वाचवायचा तोच मार्ग आहे. आणि लाल सिग्नल तोडणाऱ्या ग्रुपला मी समजूतदारपणा दाखवू शकत नाही, त्यांच्याकडे ना बारा तासांची ड्युटी ना लांब यू-टर्न. ऐरोलीकर, तुमचा लेनचा हिशोब मात्र पटला. मी आजवर कडेने जागा शोधत होतो, लेन बदलायचं डोक्यातच नव्हतं.

पहाट_पामबीच

सिग्नलचं मान्य. पण "मोठी गाडी ती दोषी" ठरते म्हणालात त्यावर अजून भांडण बाकी आहे. आपल्या चुकीने तुमचा आरसा जातो आणि आमचा जीव, त्यामुळे जास्त जबाबदारी जास्त वजनावर असलीच पाहिजे.

डिझेलवाला

जबाबदारी जास्त, हे ठीक. चूक नसताना दोषी, हे नाही. यावर आपलं जमणार नाही ताई.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे पण. एक कबूल करतो, माझ्याकडे मागचा लाल दिवा नव्हता, फक्त रिफ्लेक्टर होता. थंडीत सकाळी धुरकं असतं तेव्हा तो काय दिसणार. काल स्टेशनजवळच्या दुकानातून चार्जिंगवाला घेतला, साडेतीनशेला.

स्टिअरिंगदादा, एक विचारायचंय. महापे सर्कलला मी रोज बसच्या बाजूलाच असतो. तुम्हाला मी दिसतोय की नाही हे मला खालून कसं कळणार?

स्टिअरिंग

आरशात बघायचं. माझा चेहरा तुम्हाला दिसला तर तुम्ही मला दिसताय. नुसता आरसा दिसला, चेहरा नाही, तर मागे सरका आणि बस वळून जाऊ द्या. आणि दिवा कॅरियरच्या मागे लावा, सीटखाली नको, डब्याची पिशवी लोंबते त्याने झाकला जातो.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

पिशवीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आत्ताच खाली जाऊन बदलून आलो.