फायटरला जादू द्यावी, पण स्पेल देऊ नयेत

तटबंदी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्ट रंगवायचा टेबलावरचा खेळ), पाचवी एडिशन, २०१४ चं पुस्तक. मी डीएम आहे (गोष्ट आणि नियम माझ्या हातात), पार्टी म्हणजे खेळाडूंची पात्रं सातव्या लेव्हलला आहेत. फायटर (लढवय्या) खेळणारीचं पात्र गोष्टीच्या ओघात एका मरू घातलेल्या वादळ-आत्म्याला स्वतःच्या शरीरात आसरा देऊन बसलं आहे. (आत्मा मी टाकला तो विझर्डसाठी, म्हणजे जादूगारासाठी. विझर्डने ढुंकूनही पाहिलं नाही. असो.) आता तिचं म्हणणं, एवढं मोठं काहीतरी घडलं तर त्याचा खेळात परिणाम दिसू दे. पात्र चॅम्पियन (फायटरची जादू नसलेली सबक्लास, म्हणजे पोटप्रकार) आहे, इंटेलिजन्स ८, म्हणजे बुद्धी बेताची. स्पेलबुक नको, स्लॉट (स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायचा ठरलेला कोटा) नकोत. क्षणभर वीज होता आलं पाहिजे, बस.

माझं मत: द्यावं. चॅम्पियनला सातव्या लेव्हलला मिळतं काय? रिमार्केबल अ‍ॅथलीट. त्यातला उडीचा भाग बघा: धावत मारलेली लांब उडी मुळात स्ट्रेंग्थइतके फूट, ती स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतके (त्या आकड्यावरून मिळणारा बोनस) फूट वाढते. स्ट्रेंग्थ १८ असेल तर १८ अधिक ४, म्हणजे २२ फूट. नेमक्या त्याच लेव्हलला विझर्डला चौथ्या पातळीचे स्पेल उघडतात आणि तो डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे नेणारा स्पेल) घेतो: ५०० फूट, शिवाय सोबत एक जण. दरीच्या काठावर दोघं शेजारी उभे राहिले की फायटरचं तोंड बघण्यासारखं होतं.

मी लिहिलेला नियम असा. बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) वापरून, दिसत असलेल्या ३० फुटांतल्या मोकळ्या जागी वीज होऊन जाता येईल. डॅमेज शून्य, हे मुद्दाम. मारामारीत फायटरला काही कमी नाही. अ‍ॅक्शन सर्ज (टर्नला एक पूर्ण जादा कृती) लावला की एका टर्नला चार वार होतात. कमी पडतं ते तलवार म्यानात असताना. आणि किंमत म्हणजे सेकंड विंड (दम घेऊन थोडी जीवनशक्ती परत मिळवणं). ही शक्ती वापरली की सेकंड विंड गेला, तो वापरला की ही गेली. श्वास परत मिळवा नाहीतर वीज व्हा. दोन्ही शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराची विश्रांती) परत.

ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

नियमावली_बाबा

पटत नाही. तलवार आणि जादू दोन्ही हवं असणाऱ्या फायटरसाठी एल्ड्रिच नाईट ही सबक्लास पहिल्याच पुस्तकात दिली आहे. त्याला टेलिपोर्ट कधी मिळतो ते बघितलंत का? आर्केन चार्ज, पंधराव्या लेव्हलला, ३० फूट, आणि तोही अ‍ॅक्शन सर्ज खर्च केला तरच. मिस्टी स्टेप (छोट्या टेलिपोर्टचा स्पेल) हवा तर सातव्या लेव्हलला तिसऱ्या लेव्हलचा मोकळा स्पेल सोडावा लागतो, नाहीतर आठव्यापर्यंत थांबावं लागतं, कारण बाकी वेळ तो अ‍ॅब्ज्युरेशन आणि इव्होकेशन या दोन जादूशाखांनाच बांधलेला असतो. तुमची चॅम्पियन हे सातव्यालाच घेणार, वर १९-२० चा क्रिटिकलही (फाशावर १९ किंवा २० पडला की जास्त जोराचा वार) ठेवणार. ज्याने प्रामाणिकपणे एल्ड्रिच नाईट निवडला असता त्याने काय पाप केलं?

शिवाय बोट दिलं की हात धरतात. आज वीज दिलीत, उद्या रोग (चोर वर्गाचं पात्र) येऊन सावल्यांतून चालायला मागेल. त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

तटबंदी

बाबा, आमच्या टेबलावर एल्ड्रिच नाईट कोणीच नाही, त्यामुळे ज्याचं मन दुखावेल तो माणूसच अस्तित्वात नाही. सबक्लास बदलायची तर इंटेलिजन्स ८ वर विझर्डचे स्पेल घ्यायचे. ज्यात शत्रूला सेव्ह (बचावाचा फासा) असतो तो प्रत्येक स्पेल वाया. आणि एलाड्रिन या एल्फांच्या वंशाचं काय? त्यांना फे स्टेप पहिल्या लेव्हलपासून आहे. तेच ३० फूट, तीच बोनस अ‍ॅक्शन, तोच शॉर्ट रेस्ट. जन्माने मिळालेलं चालतं आणि गोष्टीत कमावलेलं चालत नाही?

नियमावली_बाबा

एलाड्रिन होण्यासाठी खेळाडू दुसरं काहीतरी सोडतो. व्हेरियंट ह्यूमन या मानवी पर्यायाचं पहिल्या लेव्हलचं फीट (खास कौशल्य) सोडतो. ती निवड आहे. तुमचं ते बक्षीस आहे.

जुनाफासा

माझा आक्षेप आकड्यांना नाहीच. जादू नसणं हीच फायटरची ओळख. बाकी सगळे कुणाच्या तरी कृपेवर जगतात: क्लेरिकला देव, वॉरलॉकला धनी, विझर्डला पोथी. एकच जण असा की त्याच्यामागे कोणी नाही. त्याच्या अंगात आत्मा घातलात की तोही या रांगेत जाऊन बसला.

१९७४ च्या पहिल्या संचात वर्ग तीनच होते, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. जादूची तलवार चालवण्याचा हक्क फक्त फायटिंग-मॅनचा. मॅजिक-यूजरला खंजीर, क्लेरिकला धार नसलेली शस्त्रं. आणि त्या तलवारी आजच्यासारख्या नुसत्या अधिक एक, अधिक दोन बोनसच्या नव्हत्या. त्यांना स्वतःची बुद्धी असायची, अहंकार असायचा, आणि काहींच्या अंगी उडण्यापासून टेलिपोर्टपर्यंत शक्ती असायच्या. अहंकार जास्त असला तर तलवारच धारकाला ताब्यात घ्यायची. म्हणजे फायटरला जादू पहिल्या दिवसापासून दिलेली आहे, पण हातात. अंगात नाही.

तेव्हा तुमचा तो आत्मा उचला आणि तलवारीत घाला. वीज तीच, ३० फूट तेच. शिवाय तलवारीशी भांडणं होतील ती वेगळीच मजा.

तटबंदी

कल्पना झकास आहे, पण तलवारीत घातलं की अ‍ॅट्यूनमेंटच्या (जादूच्या वस्तूशी जुळवून घेण्याच्या) तीन जागांपैकी एक गेली. आणि तलवार चोरीला गेली, कैदेत काढून घेतली, की पात्र पुन्हा दरीच्या काठावर २२ फूट मोजत उभं.

जुनाफासा

हिरावून घेता येते हाच तर मुद्दा! अंगातली शक्ती कोण काढून घेणार?

मोडकीढाल

@जुनाफासा, कर्णाची कवचकुंडलं अंगातच होती की. इंद्राने मागून नेलीच ना? बदल्यात दिलेली शक्तीसुद्धा एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली आणि खर्ची पडली घटोत्कचावर. मर्यादित वापराची शक्ती डीएमने कशी द्यावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पण मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. प्रश्न जादूचा नाहीच. आपण फायटरला साधा माणूस समजतो ही गोची आहे. हिशोब करू. सातव्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (कणखरपणा) १६: ठरलेल्या सरासरीने ६७ हिट पॉइंट, म्हणजे जीवनशक्ती. त्याला १०० फुटांच्या कड्यावरून ढकला. १०डी६ (सहा बाजूंचे दहा फासे) इतकी इजा, सरासरी ३५. अगदी सगळे सहा पडले तरी ६०. म्हणजे पूर्ण ताकदीनिशी असेल तर तो शंभर टक्के जिवंत राहतो, कपडे झटकतो आणि पुन्हा कडा चढायला लागतो. हा साधा माणूस? मग हाच गडी ६० फूट उडी मारतो म्हटलं की लगेच "हे वास्तववादी नाही" कसं काय?

साडेतीनच्या एडिशनमध्ये याची सोय होती. क्षमतांचे कप्पे होते: स्पेल-लाईक, सुपरनॅचरल आणि एक्स्ट्राऑर्डिनरी. तिसऱ्या कप्प्यातली गोष्ट भौतिकशास्त्र मोडू शकायची, तरीही ती जादू नसायची आणि अँटीमॅजिक फील्डमध्येही (जादू बंद पाडणारं क्षेत्र) चालायची. २००६ मध्ये टोम ऑफ बॅटल आलं, त्यातल्या वॉरब्लेड या लढवय्या वर्गाचे डाव बहुतेक याच कप्प्यातले. पाचव्या एडिशनमध्ये हे कप्पे उरलेच नाहीत आणि आता भव्य काही करायचं तर जादूच्या दारात उभं राहावं लागतं.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर बिहोल्डर, तो अनेक डोळ्यांचा राक्षस. त्याच्या मधल्या डोळ्याचा अँटीमॅजिक कोन १५० फुटांचा. त्या कोनात विझर्ड, क्लेरिक, वॉरलॉक सगळे हात बांधून उभे असतात. फायटरचा एवढाच एक हक्काचा प्रसंग. तिची वीज जादूची केलीत तर तीही तिथे विझणार. तिला ६० फुटांची उडी द्या आणि आत्म्याला गोष्टीपुरता ठेवा.

तटबंदी

पटण्यासारखं आहे, पण एक अडचण. २००८ च्या चौथ्या एडिशनमध्ये हेच करून पाहिलं होतं. फायटरला कम अँड गेट इट नावाचा डाव होता, आसपासचे शत्रू ओढून जवळ आणायचे आणि हाणायचे. केवढा गदारोळ झाला! तलवारीने लांबचा तिरंदाज कसा काय ओढला जातो, त्याला अक्कल नाही का, वगैरे. त्याच डावाला स्पेल म्हटलं असतं तर कोणी चकार शब्द काढला नसता. जादू म्हटलं की टेबलावर कोणी "कसं काय" विचारत नाही. मला खेळ पुढे न्यायचाय, दर सेशनला उडीच्या यांत्रिकीवर वाद घालायचा नाही.

ठिणगी

विझर्ड खेळणाऱ्यांच्या वतीने. (तुमच्या टेबलावरची नव्हे, पण दुःख एकच.)

तुम्ही २२ फूट आणि ५०० फूट शेजारी मांडलेत ते दिसायला छान आहे. पण सातव्या लेव्हलच्या विझर्डला चौथ्या पातळीचा स्लॉट एक असतो. एक! डायमेन्शन डोअर टाकला की त्या झुंजीत पॉलिमॉर्फ नाही, बॅनिशमेंट शिकता येत असूनही नाही. हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) डी६ आणि अंगावर चिलखत नाही. फायटर दिवसभर वार करते, दिवसभर उड्या मारते, तिचा हिशोब संपतच नाही.

हा तोल टिकतो कधी, तर दिवसात झुंजी भरपूर झाल्या तर. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा अवघड झुंजींचा अंदाज धरलाय. तुमच्याकडे किती होतात, खरं सांगा.

तटबंदी

एक. फार तर दोन.

ठिणगी

मग बोलणंच खुंटलं. एका झुंजीत सगळे स्लॉट ओतायला मिळाले तर विझर्ड देव वाटणारच. दुखतंय डोकं आणि पट्टी बांधताय गुडघ्याला. आधी दिवस लांबवा. विझर्डला तिसऱ्या झुंजीला फायर बोल्टवर (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) आणा आणि मग फायटर कशी चमकते बघा.

मोडकीढाल

ठिणगी, झुंजीपुरतं १०० टक्के मान्य. पण तटबंदींनी तक्रार झुंजीची केलेलीच नाही. दिवसाला आठ झुंजी घातल्या तरी दरीवरून पलीकडे जायला, बंद बुरुजात शिरायला, बुडत्या जहाजावरून राजकन्येला उचलायला फायटरकडे काय आहे? अ‍ॅथलेटिक्सचा फासा. आठ झुंजींनंतर तिच्याकडे तोच फासा आणि कमी हिट पॉइंट.

पडीकनकाशा

मधेच तोंड घालतो. हा सगळा तंटा एकाच खेळाच्या घरातला आहे. रूनक्वेस्टमध्ये १९७८ पासून बॅटल मॅजिक कोणीही शिकतं. ब्लेडशार्प टाकून धार वाढवणं हे तिथल्या लढवय्याचं रोजचं काम. १९९३ च्या अर्थडॉनमध्ये तर वॉरियर हा अ‍ॅडेप्टच (जादू अंगी बाणवलेला), त्याची तलवारबाजीसुद्धा जादूवर चालते. तिथे कोणी विचारत नाही की याची ओळख पुसली का. "जादू नसलेला लढवय्या" ही एका खेळाची सवय आहे.

जुनाफासा

बरोबर, सवय आहे. आणि मी तो खेळ त्या सवयीसाठीच खेळतो.

ठिणगी

नियम पुन्हा वाचला. सेकंड विंडची किंमत माझ्या नजरेतून सुटली नव्हती, पण आता जास्त आवडतेय. सातव्या लेव्हलला १डी१० अधिक ७, म्हणजे साधारण बारा-तेरा हिट पॉइंट सोडून तिला जावं लागणार. झुंजीच्या मध्यावर हा निर्णय सोपा नाही. माझी एकच अट: सोबत कोणाला नेता येऊ नये. जखमी क्लेरिकला काखोटीला मारून दरीपार नेणं हे डायमेन्शन डोअरचं काम आहे, ते विझर्डकडेच राहू द्या. तेवढं कबूल असेल तर माझा विरोध मागे.

तटबंदी

कबूल. अंगावरचं आणि हातातलं सामान जाईल, जिवंत कोणी नाही.

नियमावली_बाबा

माझा विरोध तसाच आहे, पण देणारच असाल तर अर्धवट देऊ नका. स्पेल नाही म्हणजे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल उधळणारा स्पेल) लागू नाही, हे लिहा. अँटीमॅजिक फील्डमध्ये बंद, हेही लिहा. लोखंडी पिंजऱ्यात असेल तर गजांमधून दिसतंय म्हणून बाहेर जाईल का? जाईल, तर तुमचे तुरुंग संपले. डोळ्यांवर पट्टी बांधली तर? आणि रोग मागायला येईल तेव्हा मला हाक मारू नका.

तटबंदी

पिंजऱ्यातून जाईल, पट्टी बांधली तर नाही. रोगने कोणाला तरी अंगात आसरा दिला तर त्याचंही बघू.

पडीकनकाशा

एक शंका. आत्मा वादळाचा, म्हणजे एलिमेंटल (पंचमहाभूतांतला जीव) धरू. तो अंगात आहे म्हणजे नियमांच्या भाषेत ती झपाटलेली आहे. पार्टीत पॅलाडिन (पवित्र योद्धा) असेल आणि झुंजीत त्याने भलेपणाने तिच्यावर प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड टाकला तर? आधीच झपाटलेल्याला त्या स्पेलने नव्या सेव्हवर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला घेणं) मिळतो. ती सेव्ह जिंकली तर आत्मा बाहेर.

तटबंदी

पॅलाडिन आहे. आणि तो स्पेल त्याच्या यादीतही आहे. बाप रे. सेव्ह टाकायचा की मुद्दाम हरायचं, हे तिच्यावर सोडतो.

नियमावली_बाबा

मुद्दाम हरायचा असा सरसकट नियम नाही.

मोडकीढाल

२०२४ च्या पुस्तकात आहे, बाबा. नको असेल तर फासा न टाकता सेव्ह हरता येतो.

नियमावली_बाबा

धाग्याची पहिली ओळ वाचा. २०१४ चं पुस्तक.